पश्चात्तापाविना पापक्षमा नाही

हिंदी चित्रपटांनी भारतीय प्रेक्षकाला कॅथलिक धर्माचे जे काही दर्शन घडवले, त्यात एक दृश्य ठरलेले असते. रात्रीची वेळ, रिकामे चर्च, तेवत्या मेणबत्त्या. नायक किंवा खलनायक धापा टाकत आत शिरतो, लाकडी जाळीपाशी गुडघे टेकतो आणि आपण पाप केल्याचे फादरना सांगतो. जाळीपलीकडून आशीर्वादाचा हात वर होतो आणि पुढच्या दृश्यात तो माणूस मोकळा! अशा दृश्यांमुळे कॅथलिकांची सोय मोठी छान आहे, असा समज आपल्याकडे रूढ झाला. आठवडाभर पापे करावीत, शनिवारी ती फादरच्या कानात सांगावीत आणि रविवारी निष्कलंक होऊन प्रार्थनेला बसावे.

कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण या समजाला कुठेही दुजोरा देत नाही. ज्याला केल्या कर्माचे मनापासून दुःख नाही आणि ते पुन्हा न करण्याचा ज्याचा निश्चय नाही, त्याने शंभर वेळा पाप सांगितले आणि धर्मगुरूने शंभर वेळा क्षमेचे शब्द उच्चारले, तरी त्या शब्दांचा काडीइतकाही उपयोग होत नाही, असे ही शिकवण सांगते. इतकेच नव्हे, तर खोट्या मनाने हा संस्कार घेणे हेच एक वेगळे गंभीर पाप ठरते. क्षमा मिळाल्यानंतरही नुकसानभरपाईची जबाबदारी उरतेच. सारा भर आहे तो पश्चात्तापाच्या खरेपणावर. आणि खरेपणा मोजायचा कसा, हाच या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत जुना प्रश्न आहे.

पाप म्हणजे काय?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॅटेकिझम' या धर्मशिक्षणग्रंथात पापाचे दोन प्रकार मानले आहेत. एक, माणसाचे देवाशी असलेले नातेच तोडून टाकणारे, आत्म्याला मारक ठरणारे पाप. आणि दुसरे, ते नाते दुबळे करणारे, पण न तोडणारे लहान पाप. मारक पाप ठरण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. कृत्य मुळात गंभीर असावे, ते गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरते ठाऊक असावे आणि त्याने ते स्वतःच्या इच्छेने, समजून-उमजून केलेले असावे. अजाणतेपणी, धाकदपटशाखाली किंवा मनोविकाराच्या भरात घडलेल्या कृत्याची जबाबदारी त्या प्रमाणात कमी होते. फौजदारी कायद्यात कृत्याबरोबर हेतू तपासतात, तसाच काहीसा हा विचार आहे.

पाप हातून घडते तसे ते न करण्यातूनही घडते. रविवारच्या मिस्साच्या प्रारंभी म्हटल्या जाणाऱ्या कबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यातील कसुरीचाही उल्लेख असतो. शेजारच्या घरात सुनेचा छळ होत असल्याचे ऐकू येऊनही दूरचित्रवाणीचा आवाज वाढवणारा सद्‌गृहस्थ या हिशेबातून सुटत नाही.

मराठी भाषेला या विचाराची ओळख आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. आदामाच्या पतनापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्याने मराठी ओवीत सांगितली. पाप, पश्चात्ताप, मुक्ती या कल्पनांसाठी त्याला नवे शब्द घडवत बसावे लागले नाही. ते मराठीत आधीच रुळलेले होते. 'प्रायश्चित्त' हा शब्दही धर्मशास्त्रातलाच. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार आणि व्यवहार यांच्यानंतरचे तिसरे प्रकरण याच नावाचे आहे आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना ख्यापन, म्हणजे पाप उघड सांगणे, आणि अनुताप यांचा स्पष्ट उल्लेख येतो. आज मराठी भाषक कॅथलिक या विधीला प्रायश्चित्त संस्कार किंवा पापनिवेदन म्हणतात, तर गोव्यातील कोकणीत त्याला 'कुमसार' म्हणतात. शब्दांचे हे साधर्म्य फसवेही ठरू शकते. कारण धर्मशास्त्रात व्रत, उपवास, दान यांना जे महत्त्व आहे ते कॅथलिक विचारात दुय्यम आहे. तेथे आधी अंतःकरण पालटावे लागते. व्रतवैकल्ये त्यामागून येतात.

दोन शिष्यांची गोष्ट

खरा पश्चात्ताप कोणता, हे समजावून सांगताना धर्मगुरू बहुधा येशूच्या दोन शिष्यांची उदाहरणे देतात. यहुदाने तीस चांदीच्या नाण्यांसाठी गुरूला पकडून दिले. पेत्राने त्याच रात्री, कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा, 'मी त्याला ओळखत नाही' असे सांगितले. दोघांनाही नंतर पस्तावा झाला. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार यहुदाने तर ती नाणी मंदिरात परत नेली आणि आपण निर्दोष माणसाचा घात केला, हे कबूलही केले. बाह्यतः पाहता त्याची कबुली पेत्रापेक्षा अधिक पूर्ण म्हणावी लागेल, कारण पेत्र केवळ बाहेर जाऊन रडला. तरीही यहुदाने गळफास घेतला आणि पेत्र चर्चचा पहिला प्रमुख झाला. आपल्याला क्षमा मिळू शकते यावर एकाचा विश्वास उरला नाही, दुसऱ्याचा उरला, हा तो फरक. म्हणूनच देवाच्या दयेबद्दलची निराशा हे कॅथलिक विचारात स्वतंत्र पाप मानले जाते. त्याच्या उलट टोकाला, क्षमा मिळणारच आहे म्हणून बिनधास्त पाप करणे हेही तितकेच गंभीर मानले आहे. चित्रपटातल्या त्या दृश्यावर चर्चचा आक्षेप असलाच तर तो या दुसऱ्या कलमाखाली असेल.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये पश्चात्तापाची जी व्याख्या केली, ती आजही प्रमाण आहे. केलेल्या पापाबद्दल मनाला होणारे दुःख, त्या पापाचा तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय, असे तिचे तीन घटक आहेत. यातला तिसरा घटक निर्णायक ठरतो. पकडले गेल्याची लाज, नोकरी गेल्याचे दुःख, चारचौघांत नाचक्की झाल्याचा संताप यांना या व्याख्येत स्थान नाही. ते दुःख पापाचे नसून परिणामांचे असते. हीच चूक पचली असती तर त्या माणसाने ती पुन्हा केली असती काय, असा प्रश्न विचारला की बरेचदा उत्तर मिळते.

परिषदेने पश्चात्तापाच्या दोन प्रती मानल्या. देवावरील प्रेमापोटी होणारा तो परिपूर्ण. नरकाच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने होणारा तो अपूर्ण. अपूर्ण पश्चात्ताप टाकाऊ ठरवलेला नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. भीतीने का होईना, माणूस वळला असेल तर संस्काराच्या बळावर त्याला क्षमा मिळते. परिपूर्ण पश्चात्तापाची शक्ती मात्र त्याहून मोठी. पहिली संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय त्यात असेल, तर धर्मगुरूची गाठ पडण्यापूर्वीच गंभीर पापाचीही क्षमा होते. हा मुद्दा कुणाला केवळ ग्रंथातला वाटेल. पण मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत इटलीतील रुग्णालयांत माणसे एकाकी मरत होती, धर्मगुरूंना खाटेपाशी जाता येत नव्हते, तेव्हा व्हॅटिकनच्या या विषयाशी संबंधित न्यायसंस्थेने काढलेल्या पत्रकात याच शिकवणीची आठवण करून दिली होती.

निश्चय खरा असणे म्हणजे पुढे कधीच घसरण होणार नाही याची हमी देणे नव्हे. दारू सोडण्याचा मनापासून निश्चय केलेला माणूस महिन्याभराने पुन्हा गुत्त्यावर दिसला, म्हणून त्याचा आधीचा पश्चात्ताप खोटा ठरत नाही. त्याला पुन्हा क्षमा मिळू शकते. किती वेळा, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने मोजदाद सोडून देण्याचेच उत्तर दिले होते. परंतु गुत्त्याच्या रस्त्यानेच घरी जायचे, हे ज्याने आधीच ठरवले आहे, त्याचे काय? पापाकडे नेणारे प्रसंग टाळण्याची तयारी हा निश्चयाचाच भाग मानला जातो. लाच खाल्ल्याचे सांगणारा, पण ती रक्कम कधीही परत न करण्याचे ठरवून आलेला अधिकारी, किंवा विवाहबाह्य संबंधांची कबुली देताना पुढची भेट ठरवून आलेला पती, यांच्या बाबतीत पश्चात्तापच झालेला नाही असे समजून धर्मगुरू क्षमा नाकारू शकतो किंवा पुढे ढकलू शकतो.

जाळीच्या दोन बाजूंना

विधी तसा थोडक्यात आटोपतो. माणूस आधी एकांतात आपल्या वर्तनाची झडती घेतो. मग धर्मगुरूपुढे येऊन शेवटचे पापनिवेदन कधी केले ते सांगतो आणि आठवणारी सर्व गंभीर पापे, त्यांचा प्रकार आणि संख्या यांसह, निवेदन करतो. धर्मगुरू थोडा उपदेश करतो, एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून नेमून देतो, पश्चात्तापाची प्रार्थना होते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने क्षमेचे वचन उच्चारले जाते. गंभीर पाप घडले असल्यास वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक आहे. फोनवरून किंवा इंटरनेटवरून हा संस्कार घेता येत नाही. समोरासमोर यावेच लागते, मग मध्ये जाळी असो वा नसो. मुंबई-वसईच्या चर्चमधून राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या उपवासकाळात, विशेषतः ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, त्यासाठी रांगा लागतात.

देव सर्वज्ञ आहे, मग मध्ये माणूस कशाला, हा प्रश्न प्रॉटेस्टंटांनी पाचशे वर्षांपूर्वी विचारला आणि अनेक कॅथलिकही तो खासगीत विचारतात. चर्चचे शास्त्रीय उत्तर योहानच्या शुभवर्तमानात आहे. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा किंवा ती रोखून धरण्याचा अधिकार दिला, असे तेथे म्हटले आहे. आणि क्षमा करावी की रोखावी हे ठरवायचे तर आधी पाप ऐकावे लागणार. याखेरीज एक व्यावहारिक उत्तरही आहे आणि प्रस्तुत लेखकाला ते अधिक पटते. मनातल्या मनात कबुली देताना माणूस स्वतःला फार सवलती देतो. तीच गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालायची वेळ आली की सबबी आपोआप गळू लागतात.

सम्राटाचे प्रायश्चित्त

पहिल्या काही शतकांत ही व्यवस्था अशी खासगी नव्हती. धर्मत्याग, खून आणि व्यभिचार यांसारख्या पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त करावे लागे. पश्चात्ताप करणाऱ्यांचा एक वेगळा वर्गच असे. त्यांना प्रभुभोजनाला बंदी असे, काहींची तर कित्येक वर्षे अशीच जात, आणि ही संधी आयुष्यात एकदाच मिळे. इ. स. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या छळात हजारो ख्रिस्ती जिवाच्या भीतीने रोमन देवांपुढे धूप जाळून आले. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यावे की नाही, यावरून चर्च दुभंगले. रोममधील नोवेशियन म्हणाला, घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्तानंतर घ्यावे. अखेर सिप्रियनची बाजू टिकली.

यापुढचा प्रसंग आजच्या कुठल्याही सत्ताधीशाने वाचावा असा आहे. ३९० मध्ये थेस्सलोनिका शहरात दंगल होऊन एक सेनाधिकारी मारला गेला, तेव्हा सम्राट थिओडोशियसच्या सैन्याने तेथील हजारो नागरिकांची कत्तल केली. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी सम्राटाला पत्र लिहून कळवले की, प्रायश्चित्त केल्याशिवाय त्याच्या उपस्थितीत आपण प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. साऱ्या रोमन साम्राज्याच्या धन्याने राजचिन्हे उतरवून लोकांदेखत पश्चात्ताप केला आणि त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा प्रभुभोजन मिळाले.

खासगी आणि पुनःपुन्हा करता येणारे पापनिवेदन ही आयर्लंडच्या मठवासींची देणगी. सहाव्या-सातव्या शतकात त्यांनी ते युरोपभर नेले, सोबत कोणत्या पापाला किती दिवस पाव-पाण्यावर राहायचे याच्या याद्याही नेल्या. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. चित्रपटात दिसणारी लाकडी कोठडी त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या पुढाकाराने रूढ झाली. एकांतात स्त्रियांशी गैरवर्तन होऊ नये हा मध्ये जाळी घालण्यामागचा एक उद्देश होता. संस्काराचा गैरवापर ही आजची व्याधी नाही, याचा तो लाकडी पुरावाच म्हणायचा.

याच काळात क्षमेचा बाजारही भरला. क्षमापत्रे मुळात पापाची क्षमा देत नव्हती. क्षमा झालेल्या पापाचा जो ऐहिक दंड उरतो, त्यात ती सूट देत. हा सूक्ष्म भेद पैसे मोजणाऱ्या सामान्य माणसाला कोण समजावणार? मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रमेयांपैकी पहिलेच पश्चात्तापाविषयी आहे. श्रद्धावंताचे अवघे आयुष्यच पश्चात्ताप असावे, असा त्याचा आशय. त्यातून चर्च फुटले. पैसे घेऊन दिली जाणारी क्षमापत्रे ट्रेंट परिषदेनंतर कॅथलिकांनाही बंद करावी लागली.

सक्तीच्या पश्चात्तापाचा काळा अध्याय आपल्या शेजारीच लिहिला गेला. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. पूर्वीच्या धर्मातील रीती गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून नवख्रिस्तींना कोठडीत टाकायचे, जाहीर समारंभात पश्चात्ताप वदवून घ्यायचा आणि न वदणाऱ्याला प्रसंगी जाळण्यासाठी मुलकी सत्तेच्या हवाली करायचे, ही त्याची रीत. स्वेच्छेने झालेल्या कृत्याचीच जबाबदारी मानणाऱ्या, निश्चयाशिवायचा पस्तावा व्यर्थ मानणाऱ्या शास्त्राने चितेच्या धाकाखालचा पश्चात्ताप खरा धरावा, हा त्या शास्त्राचाच पराभव होता.

काच फुटली, क्षमाही झाली

क्षमेनंतरही दंड कसा उरतो, हे समजावण्यासाठी धर्मशिक्षणाच्या वर्गात फुटलेल्या काचेचा दाखला देतात. मुलाने चेंडू मारून शेजाऱ्याची काच फोडली, रडून क्षमा मागितली, शेजाऱ्याने ती मनापासून केलीही. पण खिडकीला काच नाहीच. ती बसवून द्यावी लागेल. चोरलेले परत करणे, बदनाम केलेल्याची अब्रू भरून देणे, इजा केलेल्याला भरपाई देणे, हे 'कॅटेकिझम'ने कर्तव्य म्हणून सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातवसुली करणारा अधिकारी येशू घरी येताच, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन, असे स्वतःहून म्हणतो. काही भरपाया मात्र होतच नाहीत. सोळाव्या शतकातील रोमचे संत फिलिप नेरी यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, चहाड्या करणाऱ्या एका बाईला त्यांनी कोंबडीची पिसे उपटत रस्त्याने जायला सांगितले आणि नंतर ती सारी गोळा करून आणण्यास फर्मावले.

माणसाने माणसाला केलेली क्षमा आणि संस्कारातून मिळणारी क्षमा यांतही भेद आहे. १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जाने सेंट पीटर चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी रुग्णालयातून त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. त्या भेटीत आग्जाने क्षमा मागितली नाही, असे पोपचे तत्कालीन सचिव स्तानिस्वाव जिविश यांनी पुढे लिहिले. तरीही पोपची क्षमा कायम राहिली, कारण दुखावलेला माणूस अट न घालता क्षमा करू शकतो. पश्चात्ताप न झालेल्या त्याच माणसाला पोप पापक्षमेचा संस्कार मात्र देऊ शकत नव्हते. आणि इटलीच्या कायद्याने दिलेली जन्मठेप या दोहोंपेक्षा वेगळीच. ती २००० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीनंतर संपली.

भारतातील उदाहरण त्याहून बोलके आहे. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासींना कर्ज, जमीन आणि हक्क यांविषयी जागे करीत होत्या. सावकारी करणाऱ्यांचे हितसंबंध त्यामुळे दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमधून खेचून, पन्नासहून अधिक वार करून त्यांची हत्या करण्यात आली. मारेकरी तरुणाला जन्मठेप झाली. त्याच्या सूडबुद्धीचे पश्चात्तापात रूपांतर व्हायला वर्षे लागली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. कुटुंबानेच रदबदली केल्यावर २००६ मध्ये त्याची सुटका झाली. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला आणि त्याने त्यांच्या आईवडिलांची क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना 'धन्यवादित' घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला तो उपस्थित होता. तो कॅथलिक नव्हता, कुठल्या जाळीपाशी त्याने गुडघेही टेकले नव्हते. दुःख, कबुली, भरपाईची धडपड हे सारे मात्र त्याच्या आयुष्यात क्रमाने आले. आईवडिलांना मुलगी परत मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

गोपनीयता आणि कायदा

पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कुणालाही, कोणत्याही कारणास्तव सांगायचे नाही, हा नियम निरपवाद आहे. तो थेट मोडणारा धर्मगुरू तत्क्षणी बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार फक्त व्हॅटिकनला आहे. राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास नकार दिला म्हणून जॉन नेपोमुक यांना १३९३ मध्ये प्राग येथे नदीत फेकले, असे परंपरा सांगते. इतिहासकार मात्र त्यामागे राजा आणि आर्चबिशप यांच्यातील सत्तासंघर्ष पाहतात.

बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांनी या नियमापुढे अभूतपूर्व प्रश्न उभा केला. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ मध्ये शिफारस केली की, पापनिवेदनात कळलेले शोषणही पोलिसांना कळवणे सक्तीचे असावे. त्यानंतर तेथील अनेक राज्यांनी तसे कायदे केले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये असाच कायदा केला, पण जुलैमध्ये संघीय न्यायाधीशाने पापनिवेदनापुरती त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. व्हॅटिकनने जुलै २०१९ मधील टिपणात आपली भूमिका ठाम ठेवली. पोलिसांच्या स्वाधीन होण्याची अट क्षमेसाठी घालता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. मात्र खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय यांची गरज त्यातही अधोरेखित आहे. शोषण झालेल्यांच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. पश्चात्तापाचे ढोंग करून वर्षानुवर्षे क्षमा मिळवत राहिलेला गुन्हेगार त्या जाळीआड सुरक्षित राहतो, हा त्यांचा आक्षेप सहजासहजी खोडता येत नाही. गोपनीयता गेली तर असा माणूस तेथे तोंडच उघडणार नाही, या चर्चच्या युक्तिवादातही तथ्य आहे. दोन्ही बाजूंचे बरोबर असू शकते, ही यातली खरी अडचण.

भारतात वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुरावा कायद्याचे संरक्षण आहे. धर्मगुरूला तसे नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकाच्या शोषणाची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन घातले आणि त्यात धर्मगुरूंसाठी वेगळा अपवाद ठेवलेला नाही. २०१८ मध्ये केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर एका महिलेच्या पापनिवेदनाचा वापर करून तिला धमकावल्याचा व तिचे शोषण केल्याचा आरोप झाला. हे चर्च कॅथलिक नाही. परंतु राष्ट्रीय महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी पापनिवेदनाची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा कॅथलिक बिशपांनीही तिला कडाडून विरोध केला.

संस्थेचा पश्चात्ताप

जो माप व्यक्तीला, तोच संस्थेलाही लावावा काय? १२ मार्च २००० रोजी जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर बॅसिलिकात चर्चच्या पुत्रांनी केलेल्या पापांबद्दल, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या बळाबद्दल, ज्यूंवरील अन्यायाबद्दल देवाची क्षमा मागितली. नेमकी कृत्ये आणि नेमक्या व्यक्ती त्यात आल्या नाहीत, अशी टीका तेव्हा झाली. जाळीपाशी आलेल्या माणसाला पापांचा प्रकार आणि संख्या सांगावी लागते, त्या न्यायाने ती गैरलागू म्हणता येणार नाही.

पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये कॅनडाला गेले. सरकारने चालवायला दिलेल्या निवासी शाळांत तेथील मूलनिवासींच्या मुलांना घरापासून तोडून ठेवले गेले होते, त्यांची भाषा व रीती मोडून काढल्या गेल्या होत्या. यातल्या बहुसंख्य शाळा कॅथलिक संस्थांच्या ताब्यात होत्या. मास्क्वासिस येथे पोपनी त्याबद्दल क्षमा मागितली. ऐकणाऱ्यांपैकी काही रडले. काहींनी विचारले की, शाळांचे दप्तर कधी खुले होणार आणि आमच्या ज्या वस्तू व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत त्या कधी मिळणार. मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने, मूलनिवासींच्या भूमीवर हक्क सांगण्यासाठी वापरला गेलेला 'शोधाचा सिद्धान्त' अधिकृतपणे नाकारला. फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्यानंतर आलेले पोप लिओ चौदावे यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या संग्रहातील ६२ वस्तू मूलनिवासींकडे पोहोचवण्यासाठी कॅनडाच्या बिशपांच्या स्वाधीन केल्या.